वाचकांचे प्रश्न : अलकनंदेच्या दरीतून बद्रीनाथकडे

या सदरासाठी अलीकडे सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेली बरीचशी पत्रे एकाच रस्त्याविषयी आहेत. ऋषीकेशहून निघून अलकनंदेच्या काठाकाठाने पाचही प्रयागांवरून बद्रीनाथला जाणारा हा रस्ता आहे. एकाच विषयावरचे प्रश्न तुकड्यातुकड्यांनी चार अंकांत छापण्यापेक्षा त्यांना एकत्र उत्तरे दिलेली बरी, म्हणून हे पूर्ण सदर त्यासाठी ठेवले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत. एका सहल कंपनीने आम्हाला दिलेल्या कार्यक्रमात हरिद्वारहून पहाटे निघून त्याच रात्री बद्रीनाथ, दुसऱ्या दिवशी सकाळी दर्शन आणि दुपारी परतीचा प्रवास असे आहे. वाटेतील प्रयागांविषयी विचारले, तेव्हा ‘ती सगळी गाडीतूनच दिसतात’ असे उत्तर मिळाले. म्हणजे सगळे देखल्या देवा दंडवत! आम्हाला ती दरी आणि तेथील मंदिरे नीट पाहायची आहेत. कार्यक्रम कसा आखावा? (जुळे सोलापूर)

उत्तर : कंपनीचे उत्तर अर्धे खरे आहे. पाचही संगम रस्त्यावरून किंवा रस्त्याच्या अगदी जवळून दिसतात, आणि नेमक्या त्यामुळेच ते पाहायचे राहून जातात. ऋषीकेश ते बद्रीनाथ हे अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वरचा हा प्रवास कागदावर एका दिवसाचा वाटला, तरी जेमतेम साडेतीनशे मीटर उंचीवरून सुमारे ३,१०० मीटरपर्यंत चढणारा हा रस्ता एका दमात कापणे शरीरालाही मानवत नाही आणि डोळ्यांनाही. माझ्या मते जाताना तीन दिवस आणि येताना दोन दिवस हा किमान हिशेब धरावा. पहिला मुक्काम श्रीनगर किंवा रुद्रप्रयाग येथे, दुसरा जोशीमठला (या गावाचे नाव आता अधिकृतपणे ज्योतिर्मठ झाले आहे) आणि तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बद्रीनाथ, अशी विभागणी कंपनीकडून लेखी करून घ्या. ती मान्य नसेल, तर चार-सहा जणांनी मिळून हरिद्वार किंवा ऋषीकेशहून वेगळी गाडी ठरवावी.

पहिल्या दिवशी शिवपुरी, ब्यासी, कौडियाला ही गावे मागे पडेपर्यंत गंगा बराच वेळ सोबत असते. मग रस्ता तिला खाली सोडून चढू लागतो आणि तीन धारा येथील ढाब्यांवर बहुतेक सगळ्या गाड्या चहा-पराठ्यासाठी थांबतात. तेथे अर्धा तास घालवलेले प्रवासी पुढे देवप्रयागला पाच मिनिटांत आटोपतात, हे मला नेहमीच खटकत आले आहे. महामार्गाच्या कठड्यावरून खाली संगम दिसतो, छायाचित्र निघते आणि गाडी सुटते. आपण तसे करू नये. गाडी वर उभी करून, झुलत्या पुलावरून पलीकडे जाऊन, गावाच्या अरुंद बोळांतून आणि बऱ्याच पायऱ्यांवरून खाली उतरावे लागते. सावकाश जाऊन-येऊन दोन तास हाताशी हवेत. खाली खडकातच घाट केलेला आहे. डावीकडून भागीरथी फेसाळत, आदळत येते आणि उजवीकडून अलकनंदा त्या मानाने गंभीरपणे येते. भागीरथीवर वरच्या अंगाला टिहरीचे धरण असल्याने तिचा बराचसा गाळ तेथेच अडतो, त्यामुळे पावसाळ्याच्या मागेपुढे हिरवट आणि मातकट अशा दोन पाण्यांमधली रेघ काही अंतरापर्यंत स्पष्ट दिसते. पाण्याची ओढ इतकी असते की स्नानासाठी खडकात लोखंडी साखळ्या अडकवलेल्या आहेत. साखळी एका हाताने धरायची आणि दुसऱ्या हाताने तांब्या बुडवायचा, हीच तेथली स्नानाची रीत आहे. पोहता येत असले तरी साखळी सोडू नये. येथून पुढे या प्रवाहाला गंगा म्हणतात.

घाटाच्या वर रघुनाथाचे मंदिर आहे. मोठमोठ्या दगडांचे चुन्याविना रचलेले हे बांधकाम असून रामाने येथे तप केले अशी श्रद्धा आहे. बद्रीनाथचे पंडे, म्हणजे तीर्थपुरोहित, मूळचे याच गावचे. यात्रा बंद असते तेव्हा ते येथे राहतात. आपल्या घराण्यातील कोणी पूर्वी बद्रीनाथला जाऊन आले असेल, तर त्यांच्या वह्यांमध्ये नोंद सापडण्याची शक्यता असते; मात्र त्यासाठी मूळ गाव, तालुका आणि आजोबा-पणजोबांची नावे लिहून न्यावीत. सोलापुरात दोन पिढ्या राहिलेल्यांनीसुद्धा मूळ गावाचेच नाव सांगावे, कारण वह्या त्या क्रमाने लावलेल्या असतात.

देवप्रयागनंतर श्रीनगर लागते. काश्मीरचे नव्हे, गढवालचे. गढवालच्या राजांची ही जुनी राजधानी. दरी येथे एकदम रुंद होते आणि उंची सुमारे ५६० मीटरच, म्हणजे आपल्या सोलापूरपेक्षा फार तर शंभर मीटर अधिक. मे महिन्यात दुपारी येथे चांगलाच उकाडा असतो, तेव्हा हिमालयात आलो म्हणून सकाळपासून स्वेटर चढवून बसू नये. गावातील कमलेश्वर मंदिरात वैकुंठ चतुर्दशीच्या रात्री अपत्यप्राप्तीसाठी हातात पेटता दिवा घेऊन रात्रभर उभे राहण्याचे व्रत केले जाते. पुढे कलियासौड येथे धारी देवीचे मंदिर आणि संध्याकाळपर्यंत रुद्रप्रयाग. केदारनाथकडून येणारी मंदाकिनी येथे अलकनंदेला मिळते आणि केदारनाथचा रस्ता येथूनच फुटतो. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्याची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसांचा बळी घेणारा हा बिबट्या जिम कॉर्बेट यांनी १९२६ साली गुलाबराय येथे मारला. ती जागा रस्त्यालगतच आहे.

दुसऱ्या दिवशी कर्णप्रयागला पिंडर नदी मिळते. संगमापाशी कर्णाचे मंदिर आहे, पण येथे आपल्याला मी मुख्य रस्ता सोडायला सांगणार आहे. रानीखेतच्या दिशेने अठरा-एकोणीस किलोमीटरवर आदिबद्री आहे. मूळच्या सोळा मंदिरांपैकी चौदा आज उभी आहेत आणि ती सगळी एका लहानशा आवारात इतकी दाटीने बांधलेली आहेत की दोन मंदिरांमधून जाताना अंग चोरावे लागते. काही मंदिरांची उंची माणसापेक्षा थोडीच अधिक आहे. मुख्य मंदिरात काळ्या पाषाणाची विष्णुमूर्ती आहे. रस्त्यापासून चार पावलांवर असूनही बहुतेक गाड्या इकडे वळत नाहीत, त्यामुळे निवांतपणा मिळतो. या फेऱ्याला अडीच-तीन तास लागतात. त्यासाठी गोपेश्वरचे गोपीनाथ मंदिर आणि तेथील लोखंडी त्रिशूळ परतीच्या वाटेवर ठेवावा. नंदप्रयागला दहा मिनिटे पुरतात. पिपळकोटीच्या पुढे गरुडगंगा लागते. तेथील खडा घरात ठेवला की सापाचे भय राहत नाही, अशी समजूत असल्याने गाडीतील कोणी ना कोणी हमखास उतरतोच.

तिसरा दिवस सर्वांत सुंदर आणि सर्वांत कमी अंतराचा आहे, जेमतेम ४५ किलोमीटरचा. सकाळी जोशीमठचे नृसिंह मंदिर पाहावे. या मूर्तीचा एक हात वर्षानुवर्षे बारीक होत चालला असून तो गळून पडेल त्या दिवशी जय आणि विजय हे दोन पर्वत एकमेकांना मिळून बद्रीनाथची वाट बंद होईल आणि मग पूजा भविष्यबद्री या दुसऱ्या मंदिरात होईल, अशी आख्यायिका आहे. मंदिरातून निघून रस्ता वळणावळणांनी थेट विष्णुप्रयागपर्यंत खाली उतरतो, आणि समोरचे दोन कडे इतके जवळ आलेले दिसतात की ती आख्यायिका या खिंडीकडे पाहूनच कोणाला तरी सुचली असावी, असे मला वाटते. धौलीगंगा येथे जवळजवळ काटकोनात येऊन अलकनंदेवर आदळते. आवाजामुळे शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते. येथे स्नानाचा विचारही करू नये. पुढे पांडुकेश्वरपर्यंत आकाशाची केवळ एक पट्टी डोक्यावर राहते. पांडुकेश्वरला योगध्यान बद्री आणि वासुदेव यांची जुनी दगडी मंदिरे शेजारी शेजारी आहेत. रस्त्यावरून खाली उतरावे लागते म्हणून चालक ती टाळू पाहतात, तेव्हा निघतानाच सांगून ठेवावे. हनुमान चट्टीनंतर चढ तीव्र होतो, झाडे संपतात आणि मग नर व नारायण पर्वतांच्या मधली मोकळी जागा समोर येते. दुपारी पोहोचल्यास संध्याकाळची आरती, दुसऱ्या दिवशी पहाटे नीलकंठ शिखरावरचे पहिले ऊन आणि नंतर बद्रीनाथच्या पुढचे माणा गाव, हे सगळे धावपळ न करता होते.

प्रश्न : आपल्या मराठी माणसांच्या काही खुणा त्या वाटेवर आहेत का? (पंढरपूर)

उत्तर : आहेत. १८०३ साली गढवालमध्ये मोठा भूकंप झाला. त्यात देवप्रयागच्या रघुनाथ मंदिराची आणि गावातील घरांची मोठी पडझड झाली. दौलतराव शिंदे यांनी दिलेल्या द्रव्यातून या मंदिराची दुरुस्ती झाली. मराठ्यांच्या दृष्टीने ते साल कोणते होते हे ध्यानात घेतले, तर या दानाचे अधिक नवल वाटते: त्याच १८०३ मध्ये शिंद्यांची फौज असईला आणि लासवारीला इंग्रजांशी लढून पराभूत झाली होती. अहिल्याबाई होळकरांचे नाव तर आपल्या विद्यापीठालाच आहे. त्यांनी देशभर केलेल्या बांधकामांत बद्रीनाथच्या यात्रेकरूंसाठी बांधलेल्या धर्मशाळांचाही समावेश होतो. वाहनांचा रस्ता होण्यापूर्वी ही सारी वाट पायी चालावी लागे आणि ठरावीक अंतरावर यात्रेकरूंच्या मुक्कामाच्या ‘चट्टी’ असत. हनुमान चट्टीच्या नावात ती व्यवस्था टिकून आहे. बद्रीनाथचे मुख्य पुजारी, ज्यांना रावळ म्हणतात, ते मात्र परंपरेने केरळमधील नंबुद्री ब्राह्मण असतात.

प्रश्न : मी भूगोल शिकवते. नकाशावर पाहिले तर अलकनंदेची दरी श्रीनगरला रुंद दिसते आणि वर जोशीमठच्या पुढे अगदी चिंचोळी होते. नदी वर लहान असते म्हणून असे होते का? आणि तेथे दरडी इतक्या का कोसळतात? विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी हवे आहे. (बार्शी)

उत्तर : नदी वरच्या अंगाला लहान असते हे कारण आहे, पण मुख्य कारण खडकात आहे. आपल्या जिल्ह्यातला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांनी बनला आणि ते थर दुकानात रचून ठेवलेल्या सोलापुरी चादरींप्रमाणे आजही बहुतांशी आडवेच आहेत. हिमालयात तसे नाही. भारताचा भूखंड अजूनही वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर वेगाने उत्तरेकडे सरकत आहे. त्या रेट्याने तेथील खडक दुमडले, फाटले आणि एकमेकांवर चढले. अलकनंदेच्या दरीत असा एक मोठा भ्रंश, म्हणजे खडक फाटून एकमेकांवर सरकल्याची रेषा, पिपळकोटी आणि जोशीमठ यांच्या मधल्या हेलंग गावाजवळून जातो. त्याच्या खालच्या बाजूला, विशेषतः श्रीनगरच्या आसपास, पत्र्यासारखे पापुद्रे सुटणारे तुलनेने मऊ खडक आहेत, त्यामुळे नदीला आडवे पसरता आले आणि दोन्ही काठांवर पायऱ्यांसारख्या सपाट जागा तयार झाल्या. भ्रंशाच्या वरच्या बाजूला कठीण स्फटिकी खडक आहेत आणि तो सगळा प्रदेश वेगाने उचलला जात आहे. जमीन वर येते तितक्या वेगाने नदीला खाली कापत जावे लागते. आडवे पसरायला तिला फुरसत मिळत नाही. हेलंग ते पांडुकेश्वर ही घळ त्यातून तयार झाली.

दरडी कोसळण्याचे मूळही तेथेच आहे. उभे उतार, भ्रंशांमुळे खिळखिळा झालेला खडक, पायथ्याशी खरवडणारी नदी आणि त्यावर पावसाळ्यातला मुसळधार पाऊस, इतके निसर्गाचे. रस्ता रुंद करताना डोंगराचा पाया कापला गेला की त्यात माणसाची भर पडते. चारधामचे रस्ते रुंद करण्याचे काम २०१६ च्या अखेरीपासून सुरू झाले, त्यामुळे प्रवास निःसंशय सोपा झाला आहे. मात्र नव्याने कापलेले उघडे उतार स्थिर व्हायला वेळ लागतो आणि काही ठिकाणी ते अद्याप सुटतच आहेत. जोशीमठ गाव तर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावरच वसलेले आहे. तेथे जड बांधकामे करू नयेत, असा इशारा सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेकडो घरांना तडे गेले, हे आपल्या विद्यार्थ्यांनीही बातम्यांत पाहिले असेल.

वर्गात सांगण्यासारखे सर्वांत चांगले उदाहरण मात्र बिरहीचे आहे. चमोली आणि पिपळकोटी यांच्या मध्ये बिरही गंगा अलकनंदेला मिळते. १८९३ साली तिच्या पात्रात, गोहना गावाजवळ, एक अजस्र दरड कोसळून नदी अडली आणि मागे मोठे सरोवर साचू लागले. हा बांध केव्हा तरी फुटणार हे ओळखून इंग्रज अभियंत्यांनी तेथे पहारा ठेवला, पाणी केव्हा वरून वाहू लागेल याचा अंदाज बांधला आणि खालच्या गावांना इशारा देता यावा म्हणून तारायंत्राची व्यवस्था केली. ऑगस्ट १८९४ मध्ये बांधाचा वरचा भाग फुटला. जुने श्रीनगर जवळजवळ पूर्ण वाहून गेले, आज दिसते ते नंतर वसवलेले गाव आहे. पण लोक आधीच उंचावर गेल्यामुळे जीवितहानी जवळपास झालीच नाही. सरोवराचा उरलेला भाग १९७० च्या पुरापर्यंत टिकून होता. त्यानंतर जून २०१३ चा प्रलय आणि ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषीगंगा-धौलीगंगेला आलेला लोंढा याच खोऱ्यांतला. या दोन्हींत मोठी मनुष्यहानी झाली. गोहनाच्या वेळी पाणी साचायला वर्षभर लागले होते, म्हणून इशारा देता आला. २०२१ मध्ये वरून सुटलेला खडक आणि बर्फ भरदिवसा अल्पावधीत खाली पोहोचला.

प्रश्न : मुलांना मे महिन्याची सुटी असते, दिवाळीतही असते. कोणती निवडावी? (मंगळवेढा)

उत्तर : दिवाळीच्या आगेमागे जावे. बद्रीनाथचे दरवाजे साधारणपणे एप्रिलच्या अखेरीस किंवा मे महिन्यात उघडतात. त्याचा मुहूर्त वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात ठरतो. मे आणि जूनमध्ये गर्दी एवढी असते की जोशीमठच्या पुढे गाड्यांच्या रांगांत तासन्‌तास जातात. जुलै ते सप्टेंबरचा मध्य हा दरडींचा काळ. ‘फुलांच्या दरी’साठी जाणारे तेव्हाच जातात, पण कुटुंबासह आणि परतीचे तिकीट ठरलेले असताना तो धोका पत्करू नये. ऑक्टोबरमध्ये हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि नद्यांचे रंग उठून दिसतात. केदारनाथ भाऊबिजेला बंद होते, बद्रीनाथ त्यानंतरही काही दिवस उघडे असते. बंद होण्याची तिथी विजयादशमीला जाहीर होते, ती पाहूनच तिकिटे काढावीत. रात्रीचे तापमान त्या वेळी शून्याच्या आसपास किंवा खाली जाते, याची तयारी मात्र हवी. हिवाळ्यात बद्रीनाथ बंद असले तरी उद्धव आणि कुबेर यांची पूजा पांडुकेश्वरला होते आणि शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नृसिंह मंदिरात आणली जाते. गर्दी नको असेल त्यांनी तेवढीच यात्रा केली तरी दरी पूर्ण पाहून होते.

सोलापूरहून कर्नाटक एक्स्प्रेस थेट नवी दिल्लीला जाते. तेथून हरिद्वार किंवा योगनगरी ऋषीकेशपर्यंत रेल्वे आहे. ऋषीकेश ते कर्णप्रयाग या १२५ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाचे काम सुरू असल्याने नदीपलीकडे जागोजाग बोगद्यांची तोंडे दिसतील. तो मार्ग पुष्कळसा बोगद्यांतूनच जाणार असल्याने दरी पाहण्यासाठी रस्त्याचाच प्रवास करावा लागेल, हे उघड आहे.

प्रश्न : आमची स्वतःची एमएच १३ ची गाडी आहे आणि मी वरंधा, आंबोली वगैरे सगळे घाट चालवले आहेत. सोलापूरहून थेट गाडीनेच जावे असा विचार आहे. (होटगी रस्ता, सोलापूर)

उत्तर : ऋषीकेशपर्यंत अवश्य जावे. पुढे गाडी तेथेच सुरक्षित वाहनतळावर ठेवून स्थानिक चालकासह गाडी करावी, असे मी सुचवीन. आपल्या कौशल्याविषयी शंका नाही. सह्याद्रीचा घाट तासाभरात संपतो. येथे तो तीन दिवस संपत नाही, आणि चालवणाऱ्याला रस्त्यावरून नजर काढता येत नसल्याने ज्या दरीसाठी दीड हजारांहून अधिक किलोमीटर आलात, ती दरी घरातील तुमच्याखेरीज सगळे पाहतील. दुसरे असे की, रस्ता बंद झाला तर स्थानिक चालक समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला एका वाक्यात विचारून मागे फिरायचे की थांबायचे ते ठरवतो. आपण तेथे रांगेत अडकून बसतो.

तरीही स्वतःच चालवणार असाल, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नये. आणि दरड कोसळण्याच्या जागी, विशेषतः पांडुकेश्वरच्या पुढे लामबगड परिसरात, छायाचित्रासाठी थांबू नये. रात्री या मार्गावर वाहतुकीला बंदी असते, त्यामुळे अंधारापूर्वी मुक्काम गाठावाच लागतो. उत्तराखंड पर्यटन विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक यात्रेकरूची नोंदणी आवश्यक आहे. ती विनामूल्य आहे, तिच्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत. भाड्याची गाडी केल्यास तिच्याकडे ‘ग्रीन कार्ड’ आणि ‘ट्रिप कार्ड’ (यात्रेच्या वाहनांना लागणारी परिवहन विभागाची कागदपत्रे) आहे का, हे निघण्यापूर्वी विचारावे.

प्रश्न : सासूबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, रक्तदाब आहे आणि अक्कलकोट-सोलापूर एवढ्या प्रवासातही त्यांना मळमळते. त्यांची बद्रीनाथला जाण्याची फार इच्छा आहे. न्यावे का? (अक्कलकोट)

उत्तर : त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासून संमती दिली, तर न्यावे, नाही दिली, तर भावनेच्या भरात नेऊ नये. बद्रीनाथची उंची ३,१०० मीटर असल्याने धडधाकट माणसालाही दोन पायऱ्या चढल्यावर धाप लागते. आदल्या रात्रीचा मुक्काम जोशीमठला करणे त्यांच्या बाबतीत सक्तीचे समजा. रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असाव्यात, सामानाच्या बॅगेत नव्हे, कारण ती बॅग गाडीच्या टपावर ताडपत्रीखाली बांधलेली असते.

मळमळ होऊ नये म्हणून त्यांना चालकाशेजारी पुढे बसवावे, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास द्यावी, सकाळी पोटभर पराठे न देता थोडेच खायला द्यावे आणि वळणांवर मोबाइलमध्ये पाहू देऊ नये. चहाच्या टपऱ्यांवर लिंबू मिळते. जेवणाचा प्रश्न येणार नाही; मंडुव्याची, म्हणजे आपल्या नाचणीची, भाकरी आणि गहतची, म्हणजे कुळथाची, डाळ तेथे घरोघरी असते, फक्त ढाब्यावर ती मुद्दाम मागावी लागते.

देवप्रयागच्या पायऱ्या त्यांना उतरवू नका. आदिबद्री आणि जोशीमठचे नृसिंह मंदिर त्यांना सहज जमेल. धारी देवीचे मंदिर आता पूर्वीच्याच जागी, श्रीनगरच्या वीजप्रकल्पाच्या जलाशयात उभारलेल्या खांबांवर उंच बांधलेले आहे. जून २०१३ मध्ये हलवलेली मूर्ती जानेवारी २०२३ मध्ये तेथे पुन्हा बसवली गेली, पण रस्त्यावरून खाली उतरून जावे लागतेच. बद्रीनाथला तप्तकुंडाचे पाणी सुमारे ४५ अंश असते. बाहेरच्या थंडीत ते फार सुखाचे वाटते आणि वृद्ध माणसे त्यात बसून राहतात; रक्तदाब असलेल्यांना त्यातून उठताना घेरी येऊ शकते, म्हणून त्यांनी तांब्याने अंगावर पाणी घेतले तरी पुरे.

प्रश्न : कंपनीचा मराठी सहल व्यवस्थापक सोबत असताना स्थानिक वाटाड्या वेगळा घेण्याची गरज आहे का? (साखर पेठ, सोलापूर)

उत्तर : व्यवस्थापकाचे काम खोल्या, जेवण आणि वेळापत्रक सांभाळण्याचे असते आणि ते तो करतो. बिरहीच्या पुलावर गोहनाची गोष्ट सांगणे किंवा आदिबद्रीला गाडी वळवणे हे त्याच्या कामात बसत नाही. बऱ्याचदा तो स्वतःच त्या रस्त्याने दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा चाललेला असतो. सगळ्या प्रवासासाठी वाटाड्या घेणे खर्चाचे होईल. देवप्रयागला पंडाच ते काम करतो, दक्षिणा मात्र आधी बोलून घ्यावी. जोशीमठहून पुढच्या एका दिवसासाठी मुक्कामाच्या जागी विचारून एखादा गावातला माणूस गाडीत घ्यावा. पांडुकेश्वरची मंदिरे, माणा गावातला सरस्वतीचा प्रवाह आणि त्यावरचा भीमपूल तो नीट दाखवील. माणाच्या पुढे वसुधारा धबधब्यापर्यंत चालत जायचे असेल, तर सकाळी लवकर निघावे, सोबत माणूस असावा आणि दुपारनंतर वारा सुटण्यापूर्वी परत यावे. त्या दिवशी बद्रीनाथहून खाली उतरण्याचा कार्यक्रम ठेवू नये, हे व्यवस्थापकाला सोलापूरहून निघण्यापूर्वीच सांगून त्याच्याकडून कबूल करून घ्या.